फ्लॉवरची साधी सुकी भाजी : सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

खाली जे आहे ते फक्त साध्या सुक्या भाजीबद्दल, म्हणजे फ्लॉवर, तेल, मीठ, हळद, जराशी फोडणी, बास. ग्रेव्ही, भजी, भरलेला अख्खा गड्डा वगैरे यात नाही. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढची अर्धी उत्तरं तुमची तुम्हालाच सुचतील : कच्च्या फ्लॉवरमध्ये वजनाच्या साधारण ९२ टक्के पाणीच असतं. ही भाजी बिघडते ती बहुतेक वेळा त्या पाण्यापायी, आणि वरून आपण जे घालतो त्याच्यापायी.

आधी कृती सांगा ना सरळ, मग प्रश्न.

सांगते. निवडून, चिरून अर्धा किलो तुरे, २ टेबलस्पून तेल, अर्धा टीस्पून मोहरी, अर्धा टीस्पून जिरं, चिमूटभर हिंग, अर्धा टीस्पून हळद, एक-दोन हिरव्या मिरच्या किंवा तिखट तुमच्या अंदाजाने, आणि मीठ एक टीस्पून पण सपाट, शीग लावून नाही. तुरे धुऊन कोरडे करा. पसरट कढई किंवा पॅन आधी चांगला तापवा, मग तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, मिरची, लगेच तुरे टाका आणि वरून हळद. एकदा खालीवर करून सगळ्याला तेल लागू द्या, मग तुरे पसरून मध्यम ते मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं हात न लावता सोडून द्या. परता, पुन्हा दोन-तीन मिनिटं सोडा. कडा खरपूस दिसायला लागल्या की मीठ घाला, गॅस बारीक, झाकण, पाच-सहा मिनिटं. मग झाकण काढून आच वाढवून एक-दोन मिनिटं वाफ उडवा. झाली. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या आतबाहेर.

हळद फोडणीतच घालायची सवय असेल तर घाला, पण तेल खूप तापलेलं असेल तर ती क्षणात करपते आणि कडवट लागते, म्हणून मी तुऱ्यांवर घालते.

सगळं असंच करते तरी लगदाच होतो, पाणी सुटतं. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो त्यामुळे जरा सविस्तर.

भाजीला तो खरपूस रंग आणि वास येतो त्यासाठी पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या वर जावा लागतो. आणि जोवर तुऱ्यावर पाणी आहे तोवर तो १०० अंशाच्या पुढे जातच नाही, कारण सगळी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. म्हणजे ओला तुरा कढईत पडला की तो परतला जात नाही, उकडला जातो, मग तुम्ही आच कितीही मोठी करा. पाणी आटेपर्यंत आतून तो मऊ होऊन बसलेला असतो आणि नंतर रंग आणायला जावं तर कालथा लागला की फुटतो.

आता हे पाणी येतं कुठून ते बघा. पहिलं, धुतल्यावर नीट निथळलेलं नसतं. फ्लॉवरचा वरचा भाग बारीक बारीक कळ्यांचा असतो, त्याच्या फटीत पाणी धरून राहतं आणि वरून बघितलं तर कोरडंच वाटतं. तुरे चाळणीत उलटे, म्हणजे देठ वर करून ठेवा, अर्धा तास तरी, घाई असेल तर स्वच्छ फडक्यावर ओतून पुसून घ्या. दुसरं, कढईत गर्दी. २८ सेंटिमीटरच्या पॅनमध्ये अर्धा किलो जेमतेम एका थरात बसतं, त्याहून जास्त भाजी असेल तर दोन घाण्यांत करा, एकावर एक ढीग झाला की खालच्याची वाफ वरच्याला लागते आणि वरचे तुरे ओलेच्या ओले. तिसरं, मीठ पहिल्यालाच घातलेलं. चौथं, झाकण लवकर ठेवलेलं. या चारपैकी दोन जरी सुधारलीत तरी फरक दिसेल, आणि मला विचाराल तर निथळणं आणि गर्दी या दोनच्या मागे आधी लागा.

अजून एक, सारखं ढवळत बसायची खोड. तुऱ्याची जी बाजू खाली टेकलीय तिला टेकू द्या ना दोन मिनिटं.

मग मीठ शेवटी घालायचं का? आत मुरत नाही शेवटी घातलं तर.

अगदी शेवटी नाही, मधे. मीठ भाजीतलं पाणी बाहेर ओढतं, त्यामुळे रंग येईपर्यंत थांबायचं आणि झाकण ठेवायच्या आधी घालायचं, मग वाफेबरोबर ते व्यवस्थित मुरतं. ज्यांना मुळात मऊसूत, न भाजलेली, पांढरट भाजी आवडते त्यांनी बिनधास्त सुरुवातीलाच घाला, सुटलेल्या पाण्यातच ती शिजेल. ती पण भाजी चांगलीच असते, फक्त वेगळी.

झाकण ठेवावं की नको, प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्ही, पण क्रमाने. आधी उघडं, मग झाकून, मग परत उघडं. झाकणाखाली देठ शिजतो, उघड्यावर रंग येतो, एकाचं काम दुसरं करत नाही. आणि झाकण काढताना ते कढईवरच तिरकं करू नका, आतल्या बाजूला जमलेलं सगळं पाणी धारेने भाजीत जातं. सरळ वर उचला, आडवंच बाजूला न्या, सिंकवर तिरकं करा. बारीक गोष्ट आहे पण एवढा खटाटोप करून कोरडी केलेली भाजी शेवटच्या मिनिटाला भिजवण्यात काय अर्थ आहे.

कढईला लागतेय असं वाटलं तर पाणी घालू?

शिंपडा, ओतू नका. एक-दोन टेबलस्पून कडेने, लगेच झाकण. देठ फारच जाड असतील तर एवढं लागतं कधी कधी. पाव वाटीच्या वर गेलात तर ती सुकी भाजी राहिली नाही असं समजा.

तुरे केवढे करायचे आणि चिरताना सगळा चुरा का होतो?

चुरा होतो कारण आपण सुरी वरून, फुलाच्या बाजूने घालतो. उलटं करा. गड्डा पालथा घाला, मधला जाड दांडा कापून काढा, तुरे आपोआप सुटे होतात. मोठा तुरा असेल तर फक्त देठात सुरीने उभी खाच द्या, आणि मग दोन्ही हातांनी ओढून फाडा. कळ्या जशा जोडलेल्या आहेत तशाच सुट्या होतात, ओट्यावर भुगा पडत नाही.

साधारण दीड इंचाचे बरे. यापेक्षा लहान केले तर देठ शिजायच्या आत फूल विरघळतं. आकार जमेल तितका सारखा ठेवा. आणि काही तुरे उभे अर्धे करून सपाट बाजू पॅनवर टेकवून बघा, रंग फार छान येतो कारण टेकायला जागा मिळते, गोल तुरा पॅनला एकाच टोकावर टेकतो.

अळ्या कशा काढायच्या?

तुरे सुटे करून मग भिजवा, अख्खा गड्डा भिजवून काही होत नाही कारण अळी आत बसलेली असते. कोमट पाणी, त्यात सढळ हाताने मीठ, दहा-पंधरा मिनिटं. अळ्या आणि मावा निघून वर येतात नाहीतर तळाशी बसतात. मग तुरे हाताने उचलून घ्या, पाण्यासकट चाळणीत ओतू नका, नाहीतर खाली बसलेलं सगळं परत भाजीवर. नंतर वाहत्या पाण्याखाली धुवा. उकळतं पाणी ओतलं तर अळी आतच मरून राहते आणि तुरे पण बाहेरून अर्धकच्चे शिजतात, त्यामुळे कोमटच. साबण, डिटर्जंट असलं काही लावू नका, भाजी ते शोषते.

फ्लॉवरमधली अळी मेंदूत जाते म्हणतात, खरं आहे का?

नाही. पण ही अफवा कुठून आली ते समजून घेण्यासारखं आहे कारण तिच्या मागे एक खरा आजार आहे.

फ्लॉवरमध्ये दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची किंवा फुलपाखराची अळी. ती पानं खाते, माणसाच्या अंगात ती जगू शकत नाही, चुकून शिजलेली पोटात गेली तर किळस येईल, बाकी काही नाही. मेंदूत गाठी होणारा आजार म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस, तो होतो टीनिया सोलियम नावाच्या पट्टकृमीच्या, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या फितीसारख्या जंताच्या, अंड्यांमुळे. ही अंडी पट्टकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, आणि सांडपाण्यातून किंवा न धुतलेल्या हातांतून कुठल्याही भाजीवर, पाण्यात, खाण्यात येऊ शकतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणजे दिसणारी अळी आणि हा आजार यांचा एकमेकांशी संबंध शून्य, आणि फ्लॉवरचा त्यात खास काही दोष नाही, कच्च्या खाल्लेल्या कुठल्याही पाल्याचा धोका उलट जास्त. नीट शिजवल्यावर अंडी मरतात. तेव्हा भाजी चांगली शिजवा, कच्चं खायचं ते भरपूर धुवा, आणि हात धुवा. मिठाच्या पाण्याने अळी निघते, ही अंडी मरतील असं धरून चालू नका.

शिजताना घरभर उग्र वास सुटतो, काय करावं?

वेळ कमी करा. फ्लॉवर, कोबी, ब्रोकोली ही सगळी एकाच वनस्पतीची, ब्रॅसिका ओलेरासियाची वेगवेगळी रूपं, आणि सगळ्यांत गंधक असलेली संयुगं असतात. जितका वेळ शिजवाल तितकी ती मोडत जातात आणि हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू सुटतात, तोच तो सडक्या अंड्यासारखा वास. पंधरा मिनिटांत उरकलेल्या भाजीला तो फारसा येत नाही, अर्धा तास झाकून उकडलेल्या भाजीला हमखास येतो. हिंग, आलं यांनी चव सुधारते, वास थोडा झाकला जातो, पण मूळ उपाय वेळ हाच. प्रेशर कुकरबद्दल तर बोलूच नका, शिट्टी होईपर्यंत आत काय उरतं ते तुम्हाला माहीत आहे.

सोडा घातला की पटकन शिजतो म्हणून चिमूटभर घातला तर भाजी लालसर झाली!

हळद लाल झाली ती. सोडा अल्कधर्मी, त्यात हळदीचा रंग लालसर होतो, घाबरू नका, विषारी वगैरे काही झालेलं नाही. पण सोडा घालूच नका. त्याने पेशी धरून ठेवणारं पेक्टिन भराभर सुटतं, बाहेरून लगदा होतो, शिवाय क जीवनसत्त्व जातं आणि एक साबणासारखी चव मागे राहते. फ्लॉवरला सोड्याची गरज पडावी इतका तो हट्टी नाही.

लिंबू किंवा टोमॅटो कधी घालायचा?

देठ शिजल्यावर. आंबटाने हेच उलटं होतं, पेक्टिन घट्ट राहतं आणि भाजी मऊ व्हायला वेळ लावते. सुरुवातीलाच टोमॅटो घालून मग वीस मिनिटं झाली तरी शिजत नाही अशी तक्रार असते ती यामुळे. लिंबू तर गॅस बंद केल्यावरच पिळा. हळद न घालता पांढरी भाजी करायची असेल तर मात्र एक फायदा, आंबटात फ्लॉवरचा पांढरा रंग टिकतो आणि अल्कधर्मी पाण्यात तो पिवळट होतो.

गड्ड्यावर तपकिरी ठिपके आहेत, गुलाबी छटा आहे, टाकून देऊ?

गुलाबी-जांभळी छटा असेल तर खुशाल खा, ऊन किंवा थंडी लागली की येते. गड्डा पांढरा राहावा म्हणून शेतात बाहेरची पानं वर ओढून झाकतात, उन्हापासून वाचवायला. फिकट तपकिरी डाग वरवरचे असतात, सुरीने खरवडून काढा. काळे, केसाळ, बुळबुळीत ठिपके आणि घाण वास असेल तर मात्र टाका. विकत घेताना हातात जड लागणारा, कळ्या घट्ट मिटलेल्या, पानं ताजी असलेला घ्यावा, पानं पिवळी पडून गळत असतील तर गड्डा कितीही पांढरा दिसू दे, जुना आहे.

जांभळा, केशरी फ्लॉवर मिळतो तो असाच करायचा का?

हो, तसाच. केशरी हा कॅनडात १९७० साली शेतात आपोआप सापडलेल्या झाडापासून आला, त्यात बीटा कॅरोटीन जास्त असतं आणि शिजवल्यावर रंग टिकतो. जांभळ्याचा रंग पाण्यात उतरतो, उकडलात तर फिका निळसर राखाडी उरतो, परतलात तर बरा राहतो आणि वर लिंबू पिळलं की परत गुलाबीकडे जातो. चवीत फार फरक नाही, हौस म्हणून ठीक.

पानं आणि दांडा टाकायचा नसतो ना?

अजिबात नाही, आणि याचं मला जरा जास्तच वाटतं कारण गड्ड्याच्या वजनातला मोठा हिस्सा त्यातच जातो. दांड्याची बाहेरची धागेदार साल तासून काढा, आतला पांढरा गर बारीक चिरा आणि तुऱ्यांच्या दोन-तीन मिनिटं आधी फोडणीत टाका. कोवळी आतली पानं चिरून शेवटच्या पाच मिनिटांत. बाहेरची जून पानं राठ असतात ती सोडा.

बटाटा किंवा मटार घातले तर?

बटाटा आधी. लहान फोडी करून अर्धवट शिजू द्या, मग फ्लॉवर, नाहीतर बटाटा कच्चा आणि फ्लॉवरचा गिचका हे ठरलेलं. ताजे मटार फ्लॉवरबरोबर झाकण ठेवताना, फ्रोझन असतील तर शेवटच्या तीन-चार मिनिटांत, आणि त्यांच्यावरचा बर्फ झटकून, ते पण पाणीच.

शिजलं हे कसं ओळखायचं?

सगळ्यात जाड देठात सुरीचं टोक घाला, जराशी अडत आत गेली की गॅस बंद. अजिबात न अडता गेली तर उशीर झाला. कढईच्या उष्णतेने पुढची दोन मिनिटं ती शिजतच राहते हे धरून चला.

ओव्हन, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह?

ओव्हन असेल तर खरं सांगायचं तर गॅसपेक्षा सोपं. तेल, मीठ, मसाला चोळून ट्रेवर सुटे सुटे पसरा, २२० अंश, वीस ते पंचवीस मिनिटं, मधे एकदा उलटा. इथे मीठ आधी चालतं कारण कोरड्या गरम हवेत सुटलेलं पाणी उडून जातं. एअर फ्रायरला २०० अंशावर बारा ते पंधरा मिनिटं, टोपली निम्मीच भरा. मायक्रोवेव्हमध्ये रंग येत नाही, पण घाईत असाल तर दोन टेबलस्पून पाणी घालून झाकून चार-पाच मिनिटं शिजवा, पाणी काढा, पुसा आणि गरम फोडणीत मोठ्या आचेवर तीन मिनिटं परता. चालून जातं.

पोटात गॅस होतो, थायरॉइड आहे, युरिक ॲसिड आहे, खाऊ की नको?

गॅस होतो कारण रॅफिनोज जातीच्या साखरा आणि तंतू लहान आतड्यात पचत नाहीत, पुढे जिवाणू ते आंबवतात. नीट शिजवा, कमी खा, एकदम वाटीभर नको. थायरॉइडबाबत, फ्लॉवरमधले काही घटक आयोडीनच्या वापरात अडथळा आणू शकतात पण शिजवल्यावर ते कमी होतात आणि आयोडीन पुरेसं असेल तर जेवणातल्या नेहमीच्या प्रमाणाने त्रास होत नाही. युरिक ॲसिडसाठी, फ्लॉवरमध्ये प्युरीन, म्हणजे ज्यांचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते घटक, मध्यम असतात हे खरं, पण मांस-मासळीतल्या प्युरीनमुळे गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजून दुखण्याचा, धोका वाढतो तसा भाज्यांतल्या प्युरीनमुळे वाढलेला अभ्यासांत दिसलेला नाही. तरी डॉक्टरांनी तुम्हाला नको म्हटलं असेल तर त्यांचं ऐका, माझं नाही.

बाकी १०० ग्रॅम कच्च्या फ्लॉवरमध्ये साधारण २५ कॅलरी आणि ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं. उकडून पाणी फेकलं की त्यातलं बरंचसं मोरीत जातं, परतलेल्या भाजीत जास्त उरतं. कॅलरी मोजणाऱ्यांनी तेल मोजावं, फ्लॉवर नाही.

आदल्या दिवशी चिरून ठेवला तर चालेल?

चालेल, पण न धुता. डब्यात खाली कोरडं फडकं किंवा किचन टिश्यू घालून फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस नीट राहतो. अख्खा गड्डा सैल पिशवीत आठवडाभर. फ्रीझरला टाकायचा तर उकळत्या पाण्यात तीन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग निथळून एका थरात गोठवा आणि नंतर पिशवीत भरा. मात्र गोठवलेल्या फ्लॉवरकडून खरपूस सुक्या भाजीची अपेक्षा नको, बर्फ होताना पेशी फुटतात आणि सुटला की मऊच असतो. सुटायची वाट न बघता थेट तापल्या पॅनमध्ये टाका, त्यातल्या त्यात बरा लागतो.

मीठ जास्त झालं तर?

थोडे तुरे वेगळे बिनमिठाचे परतून मिसळा. उकडलेल्या बटाट्याच्या फोडी पण चालतात. लिंबाने खारटपणा थोडा कमी जाणवतो, कमी होत नाही. पाणी घालून परत आटवू नका, मीठ कुठे जाणार आहे?

डब्यात नेली की दुपारी ओलसर होते.

गरम गरम भरता म्हणून. ताटात पसरून दहा मिनिटं वाफ जाऊ द्या, मग भरा, आणि झाकण लावायच्या आधी आत हात धरून बघा, हाताला दमट लागलं तर अजून दोन मिनिटं थांबा. उरलेली भाजी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि परत गरम करायची ती कोरड्या पॅनमध्ये, झाकण न ठेवता.